दुसऱ्या बाजूची शेवटची हाक

मनामा, बहारीन
१२ फेब्रुवारी १९८४

सौ. दमयंतीवहिनी यांस,
शामरावचा सप्रेम जय भीम.

आईचं पत्र काल मिळालं. नायगावच्या चाळीतून आलेलं, तेही शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं, त्यामुळे निम्मं कळलं, निम्मं नाही. हरेश्वर मासेमारीच्या बोटीवर गेला, बोट परत आली आणि तो आला नाही, एवढंच. शेवटी लिहिलंय, ‘दमयंतीला धीराचे चार शब्द लिही.’ वहिनी, माझ्याकडेच धीर नाही, तुम्हाला कुठून देऊ? गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर उभा राहून ओठांनी ट्रंपेटचा सराव करणारा आणि त्यापायी जॉबर मुकादमाच्या शिव्या खाणारा आपला हरेश्वर असा कसा जाईल? वर ‘सौ.’ लिहिलंय ते सवयीने नाही, विचार करूनच लिहिलंय.

माझं इथे बरं चाललंय. हॉटेलात पियानो आहे, पगार आहे. वाजवायचं काय, तर सिनेमाची गाणी, आणि तीही जेवणाऱ्यांच्या घासाला धक्का लागणार नाही इतकी हळू. ज्याने ‘नायगाव फाइव्ह’ नावाचा बँड चालवला त्याच्यावर ही पाळी! खोलीवर आलो की आपली रेकॉर्ड लावतो. आठवतं ना, एक्क्याऐंशीच्या दिवाळीत आम्ही पाच जणांनी ‘दुसरी पाळी’ ध्वनिमुद्रित केली? धोबीतलावच्या गोवेकर मास्तरांनी शिकवलेला अमेरिकन जॅझ, त्यातलाही हार्ड बॉप, म्हणजे गुळगुळीत नव्हे, घाम गाळून वाजवायचा प्रकार. त्यात मी मागाचा ठेका घातला आणि हरेश्वरने कोळ्यांच्या लग्नातल्या बँडचा रगेल सूर. रेकॉर्डी छापून आल्या आणि जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. मग कोण विकतंय आणि कोण घेतंय! आमच्या चाळीत दोघींनी तिचं पिठाच्या डब्यावर झाकण केलं. तरी ती माझ्या आयुष्यातली एकमेव गोष्ट आहे जी मला पहिल्यापासून शेवटपर्यंत आवडते.

नेमकं काय झालं ते तुम्हीच लिहा. दुसऱ्या कुणाचं खरं वाटणार नाही.

आपला,
शामराव


शीव कोळीवाडा, मुंबई
४ मार्च १९८४

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

शामभावजी यांना दमयंतीचा नमस्कार.

पाकिटावर ‘सौ.’ बघून सासूबाई पदरात तोंड घालून रडल्या. इथे माणसं मला काय म्हणावं म्हणून नुसती ‘अगं, ए’ करतात. मी काय बाजारातलं मांजर आहे?

नोव्हेंबरात धाकट्या दिराला, चंदूला, ताप भरला. तो धोंडूमामांच्या बोटीवर खलाशी. माणूस कमी पडायला लागला. हे घरीच होते, गिरणी परत घेत नव्हती आणि दिवसभर पुसून पुसून ट्रंपेट झिजवला होता. म्हणाले, भावाच्या जागी मी जातो. जातीचे कोळी, पण सगळी हयात गिरणीत गेलेली. बोटीत पाय ठेवला की पोटात ढवळणारा माणूस! मी हसलेसुद्धा. हसायला नको होतं.

परतीच्या वाटेवर सकाळी धुकं होतं. मामा सांगतात की पाण्यावरून कुणीतरी कर्णा फुंकल्यासारखं ऐकू आलं. हे उठून उभे राहिले. म्हणाले, “मामा, कोनतरी हाक मारतंय. उत्तर द्यायला पायजे.” आणि हातांची नळी करून तोंडाने फुंकलं. मामांनी मशीन बंद करायला मान वळवली, परत बघितलं तर जागा रिकामी. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

आमच्या घरात अशा माणसासाठी पुढच्या नारळी पुनवेपर्यंत थांबतात. पुनवेला दर्यात नारळ पडला आणि तोवर माणूस आला नाही, तर दुसऱ्या दिवशी बायकोच्या बांगड्या फोडायच्या. तोवर मी सौभाग्यवतीच.

आता तुमच्याशी भांडण. रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं, ‘हाक’. तो सूर यांनी आमच्या बोटींवरून घेतलाय. धुक्यात बोटीवरून कर्णा वाजला की किनाऱ्यावरच्या बाया थाळी वाजवतात, म्हणजे बोटीला कळतं की घर इकडे आहे. गाण्यात यांचा ट्रंपेट विचारतो, तुमचा पियानो उत्तर देतो. छान चाललेलं असतं. आणि अगदी शेवटी हे एकदा विचारतात आणि तुम्ही गप्प! रेकॉर्ड संपते. सासूबाईंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच विचारलं होतं, “ह्यो वाजवनारा कोन? हाकंला उत्तर नाय दिलान. असं सोडून देतान काय?”

परवा दिवेलागणीला मी रेकॉर्ड लावली. शेवटची हाक आली आणि मला राहवेना. पितळी थाळी घेतली आणि उलथन्याने ठणाणा वाजवली. शेजारीण डोकावून गेली, म्हटली असेल, बाईला लागलं वेड. पण मला बरं वाटलं. आता रोज वाजवते.

तुमची,
दमयंती


मनामा
२५ मार्च १९८४

सौ. वहिनी,
जय भीम.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. धुक्याचा भाग वाचून रात्रभर दिवा लावून बसलो, हे कबूल करतो. पण वहिनी, मी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस. भूतखेत, अंगात येणं, कौल लावणं, यातलं काही मी मानत नाही. त्याला भोवळ आली असेल. उपाशीपोटी फुंकलं की येते, मी त्याला नेहमी सांगायचो.

आणि भांडणाचं उत्तर. ती चूक नाही, कला आहे! सगळी उत्तरं देऊन टाकली की ऐकणारा टाळ्या वाजवून घरी जातो आणि विसरतो. शेवटचं उत्तर ठेवून घेतलं की ते त्याच्या छातीत राहतं. बँड माझा, म्हणून निर्णयही माझा. मी पियानोवरून हात उचलले तेव्हा हरेश्वर माझ्याकडे बघून नुसता हसला. कोळ्यांच्या घरात हाक अशी उघडी टाकत नाहीत, हे तो एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तरी मी ऐकलं नसतं म्हणा. थाळी वाजवून तुम्हाला बरं वाटत असेल तर खुशाल वाजवा. फक्त तालात वाजवा.

माझ्याकडच्या रेकॉर्डवर ट्रंपेट थोडा मंद झालाय. इथली वाळू कुठे कुठे शिरते, सांगता येत नाही. नवी सुई आणली, तरी तेच. या धंद्यात सुई, तार, पट्टी, सगळं माणसाच्या आधी म्हातारं होतं.

आईकडे कधी गेलात तर तिला सांगा, मी नीट जेवतो.

शामराव


शीव कोळीवाडा
२० एप्रिल १९८४

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

भावजी,

तुमच्या सुईचं तुम्ही बघा, माझ्याकडे उलटंच चाललंय. ट्रंपेट मोठा झालाय.

आधी वाटलं, मीच कान देऊन ऐकते म्हणून असं होतं. मुद्दाम चंदूला बसवलं. तो मेला कधी काही ऐकत नाही, त्याला सिनेमाच्या गाण्यांपलीकडे सगळा दंगाच. गाणं संपलं तर म्हणतो, “वैनी, आवाज वाढवलास काय?” बटणाला हात लावला नव्हता. नुसता मोठा नाही, भावजी, जवळ आल्यासारखा. पूर्वी पाचही जण एका खोलीत लांब बसलेत असं वाटायचं. आता चौघं तिथेच आहेत आणि हे उठून आमच्या बाजूला चालायला लागलेत. रोज थोडं थोडं. शेवटच्या हाकेला थाळी वाजवली की दुसऱ्या दिवशी आणखी एक पाऊल.

मला भीती वाटायला हवी होती. ती वाटत नाही, उलट बाजारात बसले तरी दिवेलागण कधी होते याकडे लक्ष असतं. काल एका गिऱ्हाइकाला पापलेटच्या भावात बांगडा आणि बांगड्याच्या भावात पापलेट देऊन बसले. शेजारच्या कोळणी हसल्या. म्हणाल्या, हिचा नवरा परत येनार वाटतं! थट्टेत म्हणाल्या, पण मला ते खरंच वाटलं.

सासूबाई मात्र रेकॉर्ड लागली की उठून बाहेर ओट्यावर बसतात. मुलगा जवळ येतोय आणि आई लांब सरकते, असं कुठे बघितलंय?

तुम्ही शिकलेले, बँड चालवलेले. असं होऊ शकतं का, ते लिहा. नाही म्हणून लिहिलंत तरी मी वाजवणारच.

दमयंती


मनामा
१४ मे १९८४

सौ. वहिनी,
जय भीम.

तुमचं पत्र आलं आणि मी ताबडतोब रेकॉर्ड लावली. नीट लिहितो, कारण अशी गोष्ट वेडीवाकडी लिहिली तर मलाच खरी वाटणार नाही.

शेजारच्या खोलीत कुरियन म्हणून केरळचा आचारी राहतो. त्याला बोलावलं. काही न सांगता पूर्ण बाजू ऐकवली. तो म्हणाला, “चार माणसं फार छान वाजवतात.” मी म्हटलं, पाच. त्याने पुन्हा ऐकली आणि मान हलवली. पियानो, सॅक्सोफोन, बास, ड्रम. त्याचं बरोबर होतं. जिथे हरेश्वर वाजवतो तिथे ड्रम आणि बास वाजत राहतात, मधली जागा मोकळी. ‘हाक’ गाण्यात तर मी वेड्यासारखा एकटाच उत्तरं देत बसलोय, प्रश्न कुणी विचारतच नाही.

माझ्याकडून जेवढा कमी होतोय, तेवढा तुमच्याकडे वाढतोय, वहिनी. तो प्रवासात आहे. हे वाक्य लिहिताना माझीच मला लाज वाटते. बाबासाहेबांच्या फोटोकडे बघायचं धाडस होत नाही. पण कानांनी ऐकलेलं नाकारलं तर मग वादक कसला?

मी तुम्हाला भोवळीची, सुईची कारणं देत बसलो होतो. चुकलं. वाजवत राहा. पुनवेच्या आत त्याला घरी आणा. आला की त्याला सांगा, बँडमास्तर चिडलाय, सरावाला दांडी मारली म्हणून.

हॉटेलात हल्ली काम हलकं आहे. मॅनेजर फार वेळ वाजवायला लावत नाही. आराम मिळतो.

शामराव


शीव कोळीवाडा
१५ जून १९८४

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

भावजी,

आता यांचा श्वास ऐकू येतो. फुंकायच्या आधी ओठ ओले करायची सवय होती ना, तेही ऐकू येतं. काल एका जागी ट्रंपेटच्या कळीवरून यांचं बोट घसरल्याचा आवाज आला आणि मी म्हणून गेले, “हळू.” बायकोच्या जातीला सांगितल्याशिवाय राहवतं का? मी फार आनंदात आहे. लोकांना सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. रात्रीची झोप लागते, जेवण जातं, आरशात बघावंसं वाटतं. हिरव्या बांगड्या नव्या भरल्या.

एक विचारायचं होतं. तुमचा पियानो कुठे गेला? चंदूच्या लक्षात आलं. म्हणाला, “वैनी, तो पियानोवाला भाई चहाला गेला काय?” बाकी तिघं आहेत तिथेच आहेत. पियानो मात्र भिंतीपलीकडून आल्यासारखा, आणि ‘हाक’मध्ये उत्तर येतं ते इतकं बारीक की कान लावावा लागतो. मी हसण्यावारी नेलं. पण सासूबाई ओट्यावरून आत आल्या आणि थाळी माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाल्या, “दमे, दर्या फुकट काय देत नाय गो. गेलेला आलाच, तर कोनाच्या तरी जाग्यावर येतो. माज्या पोराला आन, पन कोनाच्या जाग्यावर, ते इचारलंस काय?”

म्हाताऱ्या माणसांना कशातही विषच दिसतं. मी थाळी परत घेतली.

तरी तुमची प्रकृती कशी आहे ते लिहा. हात दुखतात का? पियानो वाजवता ना रोज?

दमयंती


मनामा
१० जुलै १९८४

सौ. वहिनी,
जय भीम.

श्वासाचं वाचून मी खोलीत एकटाच नाचलो. तो ओठ ओले करायचा त्याचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून मी त्याला किती शिव्या दिल्या होत्या! आता तोच ऐकायला मिळाला तर हॉटेलातल्या सगळ्यांना चहा पाजेन.

माझी प्रकृती उत्तम. हात झकास चालतात. सासूबाईंच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका. रेकॉर्ड घासली की आधी पियानोच जातो, सगळ्यांना माहीत आहे. परवा आईला ट्रंककॉल लावला होता, चाळीखालच्या वाण्याच्या दुकानात. पोटभर बोललो. तीही खूश झाली.

पुनव ऑगस्टच्या ११ तारखेला आहे ना? आता थोडेच दिवस. थाळी खाली ठेवू नका.

शामराव


शीव कोळीवाडा
२४ जुलै १९८४

भावजी,

एकवीरा आईचं नाव वर घालत नाही, कारण मी रागाने लिहिते आहे.

काल दादरच्या बाजारात तुमच्या आई आल्या. सुंदराबाई मासे घ्यायला आल्या नव्हत्या, मला बघायला आल्या होत्या. टोपलीशेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “बाय, माझ्या शामला काय झालंय ते तुला ठाऊक हाय का? वाण्याकडं फोन आला. बहारीनवरून हाय म्हणाला. मी हॅलो हॅलो करून घसा फोडला. नुसता वारा. वाणी म्हणाला, लाइन चांगली हाय, मघाशी ऑपरेटर बोलली ती कशी ऐकू आली? माझा पोरगाच बोलंना.”

तुम्ही लिहिता, पोटभर बोललो.

त्यांनी माझा हात धरला. माझ्या नव्या बांगड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “तुझं चांगलं होऊ दे, बाय.” मला तिथे जमीन दुभंगावी असं झालं.

मला खरं लिहा. पियानो वाजतो का? तुमचा आवाज निघतो का? पुनवेच्या आत उत्तर आलं पाहिजे.

दमयंती


मनामा
६ ऑगस्ट १९८४

सौ. वहिनी,
जय भीम.

पकडलंत. आईने बरोबर माणूस गाठलं.

एप्रिलच्या अखेरीस मॅनेजर म्हणाला, जरा मोठ्याने वाजव, टेबलांपर्यंत पोचत नाही. मी जोर लावला. मे महिन्यात म्हणाला, तू वाजवतोस की नुसता बसतोस? पियानो दुरुस्त करणारा आला. त्याने बसून वाजवला तर अख्खा हॉल दणाणला. मी बसलो आणि पट्ट्या खाली गेल्या, वर आल्या, आवाज नाही. त्याने पुन्हा झाकण उघडून आत बघितलं. मग हळूहळू बोलणंही तसंच झालं. मला माझं ऐकू येतं, समोरच्याला येत नाही. कुरियन आता माझ्याशी खाणाखुणांनी बोलतो. कागदावर लिहिलेलं अजून सगळ्यांना दिसतं, म्हणून तुमची पत्रं माझ्यासाठी फार मोलाची झाली आहेत. मला भीती वाटते, वहिनी. खूप वाटते. लपवण्यात अर्थ नाही.

पण आता ऐका. आम्ही गिरणीतली माणसं. मागावरून माणूस केव्हा सुटतो? त्याचा बदली येऊन उभा राहिला की. तोवर बापाचं मयत झालं तरी माग सोडता येत नाही. हरेश्वर चंदूचा बदली म्हणून गेला. आता तिथे तो अडकलाय, कारण त्याला बदली मिळत नाही. तुमच्या सासूबाई म्हणतात ते आणि आमचा जॉबर म्हणायचा ते एकच आहे.

मग मी उभा राहतो. मला बायको नाही, पोर नाही. पियानो होता, तो तसाही गेला. शेवटचं उत्तर मीच अडवून ठेवलं होतं, ते मीच दिलं पाहिजे. मी हे रागाने किंवा दुःखाने लिहीत नाही. विचार करून, खुशीने लिहितो. आईला हरेश्वरने आणि तुम्ही सांभाळा.

थाळी वाजवा. तो आला तर दार उघडा. माझा विचार करू नका, ही तुमच्या भावजीची तुम्हाला आज्ञा समजा.

शामराव


शीव कोळीवाडा
१८ ऑगस्ट १९८४

॥ श्री एकवीरा आई प्रसन्न ॥

शामभावजी यांना दमयंतीचा नमस्कार.

तुमचं उत्तर आलं नाही. वाट बघून शेवटी मला जे सुचलं ते मी केलं. ते सांगायला हे पत्र.

खोटं कशाला लिहू, सुंदराबाई भेटल्यावरसुद्धा मी थाळी वाजवत होते. मनाला म्हणायचे, भावजींचं पत्र येऊ दे, मग थांबू. बाजारात सुंदराबाईंच्या वयाची कुणी दिसली की मान खाली घालायची आणि संध्याकाळी घरी येऊन वाजवायचं. पियानो आमच्या रेकॉर्डवरून पार गेला होता. हे इतके जवळ आले होते की गाणं चालू असताना मी दाराकडे पाठ करून बसत नव्हते.

पुनवेला दुपारीच सगळा कोळीवाडा नारळ घेऊन निघाला. वाजतगाजत, नवी लुगडी, पोरांच्या डोक्यावर लाल टोप्या. सासूबाई मला म्हणाल्या, “तू येव नको गो. तुजा निकाल लागला नाय अजून.” सगळी माणसं गेली. गल्लीत कुत्रंसुद्धा उरलं नाही. लख्ख ऊन होतं. मी रेकॉर्ड लावली नव्हती, सुई बाजूला करून ठेवलेली. ठरवलं होतं, आज नाही.

आणि हाक आली. रेकॉर्डमधून नाही, भावजी. दाराबाहेरून.

दार लोटलेलं, कडी लावलेली. दाराखालच्या फटीतून येणारं ऊन मधोमध अडलं होतं. पितळ पुसायच्या पावडरीचा वास आला, ट्रंपेट पुसून उठले की यांच्या हातांना यायचा तोच. हाक झाली आणि थांबले. आमच्या बोटींवर हाकेनंतर थाळीसाठी थांबतात तितकंच थांबले. माझ्या हातात थाळी कधी आली मला कळलं नाही. उलथनं वर उचललेलं होतं. एकदा ठण केलं असतं, की झालं असतं. कडीपर्यंत चार पावलंसुद्धा नव्हती. माझा नवरा दारात उभा होता, भावजी. नऊ महिन्यांनी. मला तो हवा होता. मला अजून हवाय.

मी उलथनं खाली ठेवलं. दाराला तळहात लावला, लाकूड गार होतं, एवढ्या उन्हात. आणि लग्नात उखाणा घेतला होता त्यानंतर पहिल्यांदा यांचं नाव तोंडाने घेतलं. म्हटलं, “हरेश्वर, तुम्ही शामभावजींच्या जागेवर आलाय. त्यांचा पियानो गेला, आवाज गेला. सुंदराबाई बाजारात माझ्यापाशी येऊन बसतात. तुम्हाला ठाऊक नव्हतं ना?”

बाहेर काहीच हललं नाही. मग ओठ ओले केल्याचा आवाज आला. मला वाटलं पुन्हा हाक मारणार, आणि मारली असती तर माझ्याच्याने राहवलं नसतं. पण यांनी हाक नाही वाजवली. तुमचं उत्तर वाजवलं. पियानोने जे द्यायचं असतं ते, ट्रंपेटवर. दोनदा अडखळले, कारण ते तुमचे सूर, यांच्या सरावातले नाहीत. पण शेवटपर्यंत वाजवलं. तुम्ही सोडून दिलेली जागा स्वतःच भरली. आणि फटीतलं ऊन पुन्हा सलग झालं.

मी दार नाही उघडलं. तिथेच बसून राहिले आणि गल्लीत माणसं परतेपर्यंत रडले. यांच्यावर राग आला नाही. तुमच्यावर फार आला. इतका छान माणूस तुम्ही का झालात, साधं कुणी असता तर मी विचार केला नसता.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी माझ्या बांगड्या फोडल्या. मनगट मीच पुढे केलं. काचा चंदूने वेचल्या. भावाच्या जागी आपणच जायला हवं होतं म्हणत तो दोन दिवस जेवला नाही. मी त्याला दटावून भात खाऊ घातला.

परवा सुंदराबाई पुन्हा बाजारात आल्या. लांबूनच हसत होत्या. तुमचा फोन आला, असा मोठ्याने बोलत होता की वाण्याने कान झाकले, म्हणाल्या. मी त्यांना बोंबील बांधून दिले. माझ्या रिकाम्या मनगटांवरून त्यांनी बोट फिरवलं. मी काही सांगितलं नाही, तुम्हीही सांगू नका. यापुढे पाकिटावर ‘सौ.’ लिहू नका, एवढंच.

रेकॉर्ड मी अजून लावलेली नाही. तुम्ही तुमची लावून बघा, सगळे पाच जण आहेत का ते कळवा.

तुमची,
दमयंती

ता. क. — पाकीट चिकटवणार तोच पोस्टमन आला. तुमचं ६ तारखेचं पत्र. बदलीचं वाचलं, खुशीने उभा राहतो लिहिलंय तेही वाचलं, दार उघडायची आज्ञासुद्धा वाचली. देवानेच ते पत्र उशिरा पोचवलं, भावजी. पुनवेच्या आधी मिळालं असतं, तर मी दार उघडलं असतं.